वाट चुकवणारी माझी घरं

माझी मुलगी सुट्टीच्या दिवशी पाठीला गादी बांधून डोंगरात जाते, हे मस्कतला जाईपर्यंत मला ठाऊक नव्हतं. फोनवर ती 'आई, क्लाइंबिंगला गेले होते' एवढंच म्हणायची. मला वाटायचं, आपण जातो तसंच जात असेल. सकाळी पोहे, दुपारी टाक्याचं पाणी, संध्याकाळी गडावरून खाली. मी जन्मभर नाशिकला भूगोल शिकवला, शाळेच्या सहली घेऊन हरिहरच्या पायऱ्या चढले-उतरले, तेव्हा डोंगर मला काही नवा नाही. पण गादी? आमच्या लहानपणी गादी पाठीवर घेऊन पिंजारी फिरायचे, बाकी कुणी नाही.

तर या गादीपासून माझा जो गोंधळ सुरू झाला तो मुंबईला परत उतरेपर्यंत संपला नाही.

माबेला

ही माझी मुलगी प्रज्ञा माबेलात राहते. मस्कत संपलं संपलं म्हणताना गाडी आणखी बराच वेळ पळते, तेव्हा माबेला येतं. घरं सगळी पांढरी, गेट सगळी सारखी. पहिल्याच आठवड्यात मी दूध घेऊन आले आणि शेजारच्या बिल्डिंगमधल्या केरळच्या बाईच्या दारात किल्ली फिरवत उभी राहिले. त्या बाईनं दार उघडलं, मला आत घेतलं, चहा पाजला, आणि प्रज्ञा अझैबा भागातल्या ऑफिसातून येईपर्यंत बसवून ठेवलं. 'भूगोलाच्या बाई!' म्हणून प्रज्ञा हसत सुटली. हसू दे. दिशा कळणं वेगळं आणि गेट कळणं वेगळं.

मी गेले होते त्याचं खरं कारण वेगळंच होतं. प्रज्ञाच्या कंपनीनं तिला पुण्याला बदली देऊ केली होती, आणि हो की नाही ते तिला रविवारी सांगायचं होतं. तिकडे आठवडा रविवारी सुरू होतो. पुणं म्हणजे दर शनिवारी नाशिक, एवढं गणित मी करून ठेवलं होतं. तिचे बाबा गेल्यापासून घरात मी एकटी. कुकरमध्ये एकच डबा लावते आणि तोही संपत नाही. पोरीनं परत यावं असं मला फार फार वाटत होतं. पण हा विषय तिच्याकडे काढायचा नाही, असं स्वतःला बजावूनच मी विमानात बसले. विचारलं की ती चिडते. बापावर गेलीय.

रविवारच्या आधीच्या शुक्रवारी ती म्हणाली, "आई, चल, माझा दगड दाखवते."

माझा दगड! लोक माझं घर, माझी गाडी म्हणतात. म्हटलं, चला, बघू या.

पहाटे तिचा जोडीदार आला. ग्लेन नाव, वसईचा, एका हॉटेलसाठी मासळी-भाजीची खरेदी करतो. पोट सुटलेलं, चाळिशी कधीच ओलांडलेली. आल्या आल्या मला म्हणाला, "मावशी, टेन्शन नको, आपण आहोत!" माझ्याहून फार तर बारा-पंधरा वर्षांनी लहान असेल, आणि मावशी म्हणतो. मी प्रज्ञाकडे पाहिलं.

"आई, त्याची बायको आणि मुली वसईत आहेत," प्रज्ञा म्हणाली.

मी काही विचारलंच नव्हतं.

कॉफीचं गाव

इब्री शहराच्या अलीकडे कुठंतरी मोठा रस्ता सोडून आम्ही डोंगराकडे वळलो. कुठं ते विचारू नका. ग्लेननं गावाचं एक नाव सांगितलं, प्रज्ञानं दुसरं, आणि पाटीवर तिसरंच होतं. गाव म्हणजे खजुरीची एक हिरवी पट्टी, दहा-पंधरा मातकट घरं आणि बकऱ्या. मागे डोंगराची भिंत सरळ उभी. त्या भिंतीचे जे तुकडे वर्षानुवर्षं खाली कोसळले, ते पायथ्याला पसरलेले. तुकडे म्हणजे एकेक केवढा? कुठला खोलीएवढा, कुठला एस. टी.एवढा.

गावात सालेम नावाचे एक म्हातारे गृहस्थ ग्लेनच्या ओळखीचे. त्यांना भेटल्याशिवाय पुढं जायचं नाही, असा तिथला रिवाज. आपल्याकडेही गडाच्या पायथ्याच्या वाडीत दोन शब्द बोलूनच वर जातात, त्यामुळं मला ते आवडलं. सतरंजी अंथरली, खजूर आले आणि बिनकानाच्या इवल्याशा कपात वेलदोड्याची कॉफी आली. सालेमचाचांचं हिंदी माझ्यापेक्षा बरं. "बहन, खाओ," म्हणाले.

आता आपल्याकडे दुसऱ्याच्या घरी कपात काही ठेवलं की त्यांना वाईट वाटतं. मी कप रिकामा केला. चाचांनी भरला. मी परत रिकामा केला, त्यांनी परत भरला. मला वाटलं, यांचा आग्रह फार. त्यांना वाटलं असणार, या बाईला कॉफी फार लागते. ग्लेन आणि प्रज्ञा बाहेर गाडीतून गाद्या काढत होते, त्यामुळं सांगणारं कुणी नाही. शेवटी प्रज्ञा आत आली, माझा कप हातात घेऊन तिनं नुसता डावीउजवीकडे हलवला, आणि चाचांनी किटली खाली ठेवली.

"आई, कप हलवायचा असतो. नाहीतर ते थांबत नाहीत."

"अगं, मग आधी नाही का सांगायचं!"

या कॉफीनं पुढं काय केलं ते येईलच.

निघताना चाचा ग्लेनला म्हणाले, अंधार व्हायच्या आत परत या, आत सगळं सारखंच दिसतं. ग्लेन म्हणाला, "इन्शाल्ला." हा शब्द तिकडे हो, नाही आणि बघू, तिन्हीसाठी चालतो.

दगडांत

सह्याद्रीत वाट म्हणजे वाट असते. पायाखाली मळलेली, चुकलात तर खडकावर कुणीतरी रंगानं बाण काढलेला. इथं पायाखाली नुसती वाळू आणि खडी, आणि दोन्ही बाजूंना दगड. एका दगडाला वळसा घातला की पुढं तीन फटी, आणि प्रत्येक फट आत जाणारी.

"बाण कुठं आहेत?" मी विचारलं.

"निशाण्या आहेत ना मावशी, मला दिसतात," ग्लेन पुढून ओरडला. पाठीवर घडी घातलेली जाड गादी असल्यानं मला फक्त गादी आणि तिच्याखाली दोन पाय दिसत होते. पुढं गादी, त्यामागे दुसरी गादी, आणि सगळ्यात मागे मी आणि माझे गुडघे.

अगदी वाटेच्या तोंडाशीच मी बुटाची नाडी बांधायला टेकले. तर समोर एकावर एक तीन दगड रचलेले. मला एकदम गलबलून आलं. अगं बाई, म्हटलं, इथंही कुणाला तरी घर हवंय!

गडांच्या आणि देवस्थानांच्या वाटांवर तुम्ही हे पाहिलं असेल. दगडावर दगड रचतात, की घर होतं म्हणून. आम्ही बौद्ध. नवस, गंडेदोरे आमच्या घरात चालत नाहीत, आणि चालू नयेत याच मताची मी आहे. पण एकदा शाळेतल्या बाईंबरोबर सप्तशृंगीच्या बाजूला गेले होते, तेव्हा त्यांनी रचले म्हणून मीही रचले. बिल्डरनं लटकवून ठेवलेला आमचा फ्लॅट त्याच वर्षी ताब्यात आला. योगायोग, मला कळतं. कळत असलं म्हणून काय झालं? दगडावर दगड ठेवायला कुणाच्या बापाचं काय जातं?

हे कुणीतरी आपल्याकडच्याच कामगारानं रचलं असणार, असं मी धरून चालले. त्याच्या शेजारी मी माझं रचलं. खाली दोन, वर एक, आणि त्यावर एक चपटी चीप, छप्पर म्हणून. मनात म्हटलं, प्रज्ञाचं नाशिकला घर होऊ दे. तोंडानं विचारायचं नाही असं ठरलं होतं. हातानं मागायचं नाही असं कुठं ठरलं होतं?

मग काय, जिथं टेकले तिथं एक घर. वळणावर ग्लेन वाट बघत थांबायचा, तोवर माझं रचून व्हायचं. मध्येच त्या कॉफीनं आपलं काम केलं. "तुम्ही व्हा पुढं, मी आलेच," म्हणून मी एका फटीतून आत, तिथून आणखी आत, अशी पार आडोशाला गेले. जाऊन आले, हात वाळूनं घासले, आणि बसल्या जागी तिथंही एक रचलं. छपरासकट. उगीच का म्हणून सोडायचं?

प्रज्ञाचा दगड आला तेव्हा ऊन डोक्यावर होतं. मी बघतच राहिले. एवढासा? आमच्या शाळेच्या व्हरांड्याच्या छताएवढा उंच, पुढं झुकलेला.

"यावर चढायचं?"

"हो."

"वर काय आहे?"

"काही नाही."

"मग?"

"मग खाली यायचं."

दोघांनी दगडाखाली गाद्या पसरल्या. दोर नाही, काही नाही. पडलं तर गादीवर पडायचं. मग प्रज्ञानं कमरेच्या पिशवीत हात घातले आणि पांढरे करून बाहेर काढले. खडूची पूड! आयुष्यभर मी जी हातावरून झटकत आले ती पोरगी पैसे देऊन हाताला लावते.

ती चढली. हात वर, पाय बाजूला, शरीर असं वळवलं की मला माझीच कंबर धरावीशी वाटली. आणि धप्प, गादीवर. "अरे देवा!" आमच्याकडे देव नाही, तरी तोंडातून निघालंच. ती हसत उठली. परत चढली, परत पडली. ग्लेन खाली हात पसरून उभा, "डावा पाय, डावा पाय! हां, आता दम घे!" मला वाटलं, इतकं पडायचं तर कशाला करायचं? मग कधीतरी ती पडलीच नाही. वरच्या काठावर हात, मग कोपर, मग गुडघा, आणि ती उभी.

वरून तिनं जी हाक मारली, "आई गं!", ती मी कितीतरी वर्षांत ऐकली नव्हती. बाबा होते तेव्हाची हाक होती ती. मला रडू आलं आणि कशाचं ते कळेना.

मागच्या बाजूनं दगड सोपा होता. ग्लेननं खालून ढकललं, प्रज्ञानं वरून ओढलं, आणि मीही वर गेले. खरंच वर काही नव्हतं. चहूकडे दगडच दगड, आणि वारा. तिथं बसून आम्ही वाटेत घेतलेली खुबूस रोटी आणि मी आणलेली शेंगदाण्याची चटणी खाल्ली. फार छान लागली.

"गाडी कुठल्या बाजूला आहे गं?" मी सहज विचारलं.

तिघांची तीन बोटं तीन दिशांना गेली.

परत

फोनला रेंज नव्हती. प्रज्ञानं नकाशावर जी खूण करून ठेवली होती ती दाखवत होती की गाडी डोंगराच्या पोटात आहे. मी सावली बघून उत्तर काढून दिली, अगदी बिनचूक. पण गाडी उत्तरेला की दक्षिणेला हे कुणालाच माहीत नसल्यानं माझ्या उत्तरेचा काही उपयोग झाला नाही.

"खलास, पुरे झालं, उतरू या," ग्लेन म्हणाला. "निशाण्या आहेत ना माझ्या. त्या बघत जाऊ."

उतरलो. सापडली निशाणी. ती धरून वळलो, दुसरी सापडली, तिथून पुढं आणखी एक. "आहे ना, मावशी!" ग्लेन खूष. पण वाट अरुंद होत चालली. फटीतून फट, आणि त्याच्याही आत. ग्लेन म्हणाला, "ही मी कधी ठेवली?" आणि शेवटच्या निशाणीपाशी तो थांबला. पुढं वाटच नव्हती. तिन्ही बाजूंनी दगड, मध्ये थोडी वाळू.

ती जागा मी लगेच ओळखली. का, ते तुम्हीही ओळखलं असेल.

"मावशी, नाक का धरलंय तुम्ही?"

"प्रज्ञा," मी म्हटलं, "या दगडांवर छप्पर आहे बघ. हे ग्लेनचं नाही. माझं आहे."

सकाळी मी ज्याला कुणाचं तरी घर समजले ती ग्लेनची निशाणी होती. मग सगळं सांगावं लागलं. ग्लेन आधी हसत सुटला, पण घड्याळ बघून गप्प झाला. पाण्याच्या दोन बाटल्या उरल्या होत्या आणि दगडांच्या सावल्या लांब झाल्या होत्या. प्रज्ञा हसली नाही.

"किती ठिकाणी रचलेस?"

"टेकले तिथं."

"आपल्यात हे करतात का, आई? बाबा असते तर?"

"बाबा असते तर मला रचायलाच लागलं नसतं."

"कुणासाठी घर?"

"तुझ्यासाठी."

"कुठं?"

"नाशिकला."

झालं! जे बोलायचं नव्हतं ते बोलून झालं होतं, तेही अशा जागी. प्रज्ञा शेजारच्या उंच दगडाकडे गेली आणि त्यावर हात फिरवायला लागली. तो तिच्या दगडापेक्षा खूपच उंच होता. ग्लेननं गादी टाकली, पण एवढ्या उंचीवरून पडलं तर गादी काय करणार?

"नको गं, नको, आपण हाका मारू," मी म्हटलं.

"आई, दोन मिनिटं गप्प बस."

मी गप्प बसले. ती चढत होती आणि मी खाली उभी राहून पहिल्यांदा नीट बघत होते. घाई नाही, धडपड नाही. एक बोट टेकवायची, तपासायची, मगच वजन टाकायची. हीच का ती, जिला दहावीपर्यंत मी रस्ता ओलांडताना हात धरून न्यायची? ग्लेननं मला खाली बसवलं. वर पोचल्यावर ती बराच वेळ नुसती फिरून चहूकडे बघत राहिली.

"खजुरी दिसल्या!" ती ओरडली. "बिनछपराचे दगड पण दिसतायत. आधी मागे जा, मग उजवीकडच्या फटीत."

ती वरून, या दगडावरून त्या दगडावर, आणि आम्ही दोघं खालून गाद्या ओढत. ती सांगेल तसं वळायचं. वाटेत माझी घरं लागत होती. पहिल्या घराशी मी नुसतीच पुढं जायला लागले, तर वरून आवाज आला, "आई, पाड ते. उद्या दुसरं कुणी येईल आणि चुकेल."

खरंच होतं ते. मी वाकून छप्पर काढलं आणि दगड विस्कटले. पुढचं लागलं, तेही पाडलं. एकेक रचताना मी तिचं नाव घेतलं होतं. पाडताना काय घ्यायचं ते मला कळत नव्हतं. ग्लेन म्हणाला, "मावशी, मी पाडतो." मी म्हटलं, "नको रे बाबा, माझं मी पाडते."

सूर्य डोंगराच्या मागे गेला तेव्हा आम्ही तोंडाशी पोचलो. समोर गाडी, पलीकडे खजुरी, आणि कुणाच्या तरी बकऱ्या घरी निघालेल्या. सकाळी दिसलेली ग्लेनची ती पहिली रास बकऱ्यांनी उधळून टाकली होती. माझं घर मात्र उभं होतं.

मी वाकले, तशी प्रज्ञानं माझा हात धरला.

"हे राहू दे."

"का?"

"हे बरोबर जागी आहे. इथूनच वाट आत जाते." तिनं वरची चपटी चीप अलगद उचलली, खालचे तीन दगड नीट बसवले आणि चीप माझ्या हातात दिली. "आई, मी पुण्याला नाही येत. रविवारी नाही सांगणार आहे. आत्ता तरी नाही."

"मला कळलंच होतं," मी म्हटलं. अजिबात कळलं नव्हतं. आणि तरी मघाची ती वरची हाक कानात होती, 'आई गं!' एकाच वेळी वाईट आणि बरं वाटायची सोय माणसाला कशी असते, हे मला अजून उमगलेलं नाही.

"तू दर हिवाळ्यात ये," ती म्हणाली. "जास्त दिवस राहा. कुकरला दोन डबे लावू."

कुकरचं मी तिला कधी सांगितलं होतं?

सालेमचाचा दाराशीच उभे होते. त्यांनी किटली उचलली, आणि ते ओतायच्या आधीच मी रिकामा कप हलवून दाखवला. म्हातारा पोट धरून हसला आणि तरीही त्यानं एक कप दिलाच.

मुंबईला उतरल्यावर कस्टमच्या मशिनमधून माझी पिशवी गेली आणि परत मागे आली. खजुराच्या डब्यांखालून त्या मुलानं चीप बाहेर काढली, उलटसुलट करून पाहिली.

"मावशी, हे काय आहे?"

"छप्पर."

"कशाचं?"

"घराचं."

"आणि घर कुठाय?"

"मस्कतला," मी म्हटलं. "मुलीकडे."

तो गोंधळून माझ्याकडे बघत राहिला. तीन आठवड्यांत पहिल्यांदा दुसरं कुणीतरी गोंधळलं होतं आणि मी नव्हते. त्यानं चीप परत पिशवीत ठेवली.